विरोधात दहा

बाईने नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. सोळा वर्षं मी घेतलं नाही. 'आमचे हे' म्हटलं, 'घरधनी' म्हटलं, लग्नकार्यात बायकांनी हट्ट धरला तर उखाण्यात गुंडाळून घेतलं. मग एकदा चारचौघांत, खुर्च्या मांडलेल्या खोलीत, माझ्या सख्ख्या बापासमोर स्वच्छ घेतलं. तेव्हापासून घेतच आहे. कृष्णात. माझ्या नवऱ्याचं नाव कृष्णात.

कृष्णात पंधरा वर्षं फौजेत होता, गाड्या दुरुस्त करणाऱ्या पलटणीत. महिन्याला मनीऑर्डर यायची ती मी कोरेगावच्या पोस्टात सही करून घ्यायची, घर चालवायची आणि उरलं ते त्याच पोस्टात ठेवायची. तो पेन्शनवर आला तेव्हा माझ्या पुस्तकात पाच हजार रुपये होते. त्याला ठाऊकच नव्हतं. बघून हसला आणि म्हणाला, "शालू, तू तर आमच्या क्वार्टरमास्तरापेक्षा पक्की हाईस."

कोरेगावात बाजाराच्या मागे इलाहीभावजींची भट्टी होती. ते आधी सांगलीत एका कारखान्यात ओतकाम करायचे. बायकोचं, सुगराबीचं माहेर इथलं, म्हणून इथे आले. बैलगाडीच्या चाकात आसाभोवती बसतात त्या बुशा ओतायचे आणि फावल्या वेळात एका झडपेच्या मागे लागलेले असायचे.

ती झडप सांगायला हवी. विहिरीत किंवा नदीत पंपाचा पाइप सोडतात त्याच्या तळाला ती असते. इंग्रजीत फूट व्हॉल्व्ह, आमचे शेतकरी तिला फुटबॉल म्हणतात. पंप बंद झाला की पाइपातलं पाणी खाली जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. पण बाजारातली एकही ते धड करायची नाही. वीज दिवसातून दहादा जायची. वीज आली की पाइप रिकामा, आणि शेतकरी बादलीने पाणी ओतत बसलेला. पाइप भरेस्तोवर वीज पुन्हा जायची.

इलाहीभावजींनी लाकडी फर्मा कोरला, वाळूत दाबला, ओतलं, मोडलं, पुन्हा कोरला. असे अकरा फर्मे झाले. बाराव्याची झडप आमच्या विहिरीत सोडली आणि वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. कृष्णातने बटण दाबलं आणि पाणी धो धो पडलं. तो माणूस रांगडा, पण पाटात बसून रडला. पंधरा दिवसांत रहिमतपुराहून लोक सायकलवर विचारत यायला लागले.

कृष्णातही भट्टीवर त्यांच्या हाताशी लागला होता, दोघं मिळून महिन्याला वीस झडपा करत. मागणी तीनशेची. दुसरी भट्टी हवी, लेथ हवा, माणसं हवीत. बँकेत गेलो तर साहेब म्हणाला, तारणाला काय आहे. तीन एकर सांगितली तेव्हा त्याने चष्मा पुसला. झडप बघायला सांगितली तर म्हणाला, मी झडप तारण ठेवून घेऊ का? ज्याच्याकडे आहे त्यालाच देणारी ही जागा, आम्ही आपले ज्याच्याकडे होणार आहे असे. परत आलो.

मग सांगलीहून हंबीरराव आले. त्यांचा ऊस होता, ट्रक होते, वखारभागात कचेरी होती. आल्या आल्या ओतकामाच्या पालथ्या पेटीवर बसले, झडपेवर पाइपाचा तुकडा चढवून घेतला, स्वतःच्या हाताने पाणी भरलं आणि मनगटावरचं घड्याळ बघत तासभर बसले. खाली पांढरा रुमाल अंथरला होता. रुमाल कोरडा राहिला. तो घडी करून खिशात घातला आणि बोलायला लागले.

"मी व्याजानं पैसा देत न्हाई," ते म्हणाले. "कर्ज दिलं तर तुमी बुडाला तरी मी तुमच्या दारात हुबा ऱ्हाणार. मी हिस्सा घेतो. तुमी बुडाला की माझं पैसं बुडालं. मी धा जागी पैसा टाकतो. सहा बुडत्यात, तीन कसंबसं तगत्यात आनि एक वर जातो. त्या एकावर माझं सगळं चालतं."

"आनि आमी त्या सहातलं निघालो तर?" इलाहीभावजींनी विचारलं.

"तर चहा पिऊन जाईन. एक पैसा मागणार न्हाई. पर वर गेलासा तर माझा हिस्सा माझा."

मी चहा गाळत होते. खोटं कशाला बोलू, मला ते बोलणं आवडलं. तारण नाही, हप्ता नाही, दारात वसुलीला कोणी नाही. माणूस आमच्या कामावर पैसा लावत होता, आमच्या जमिनीवर नाही. आजही त्या बोलण्यात मला खोट सापडत नाही. त्यांनी पुढेही एक कायदा मोडला नाही, एक पैसा खाल्ला नाही. मोडला असता तर मला राग काढायला जागा तरी मिळाली असती.

कंपनी झाली. शंभर हिस्से केले, एकेक पाचशेचा. हंबीररावांचे एकोणपन्नास. इलाहीभावजींचे भट्टी आणि फर्म्यांपोटी सव्वीस. कृष्णातचे पंधरा. आणि दहा माझे, पोस्टातल्या त्या पाच हजारांचे. "तुझं पैसं हाईत, तुझ्याच नावानं ऱ्हाऊ देत," असं कृष्णात स्वतः म्हणाला. कुणाच्या घरात त्या वेळी बाईच्या नावाने काही नव्हतं, म्हैससुद्धा नाही. ते मी विसरलेली नाही, आणि म्हणून तर जास्त चिडते.

इलाहीभावजींनी बोटांवर मोजलं. "आमी तिगं एका बाजूला ऱ्हायलो तर एक्कावन्न."

"मग काय तर," हंबीरराव म्हणाले. "मालक तुमीच. माझी एकच अट हाय. कंपनीचा अध्यक्ष माझ्या बाजूनं बसंल. पर मी परका मानूस तुमच्या डोक्यावर बसवत न्हाई. नाव तुमीच सांगा. तुमी ज्याला मानता असा कुनीबी वडीलधारा."

कृष्णातने श्वासही घेतला नाही. "मग आमचं मामा," म्हणाला.

मामा म्हणजे नानासो, कवठे महांकाळचे. कृष्णातचे सख्खे मामा आणि माझे वडील. कृष्णात चार वर्षांचा असताना त्याचा बाप गेला. मामाने त्याला कवठ्याला आणला, स्वतःच्या ताटात जेवू घातला, सातवीपर्यंत शिकवला, भरतीला स्वतः घेऊन गेला आणि शेवटी पोटची पोर दिली. कृष्णात मामासमोर बाजेवर बसत नाही. चपला उंबऱ्याच्या चार हात अलीकडे काढतो. मामा बोलत असताना मध्ये बोललेला मी त्याला कधी पाहिला नाही. फौजेत त्याच्या हाताखाली वीस माणसं होती, कवठ्यात आला की तो पुन्हा चार वर्षांचा व्हायचा.

आणि आम्ही खूश. आपलाच माणूस वर बसला म्हणजे आपलंच राज्य, असं वाटून मी घरोघरी साखर वाटली. अहो, ज्या एका माणसासमोर माझ्या नवऱ्याची मान वर होत नाही, तोच शोधून आम्ही हंबीररावांच्या खुर्चीत नेऊन बसवला. त्यांना शोधायलासुद्धा लागला नाही. आम्ही मानाने दिला. इलाहीभावजी तेवढे हाताची वाळू झटकत म्हणाले, "नानासो मानूस चांगला हाय," आणि भट्टीकडे गेले. माणूस चांगला आहे याबद्दल माझाही वाद नाही.

तीन वर्षं कारखाना वाढला. दुसरी भट्टी आली, लेथ आला, चौदा माणसं आली. महिन्याला चारशे झडपा जायला लागल्या, पार निपाणीपर्यंत. पण हातात काही येत नव्हतं. हंबीरराव दर महिन्याला यायचे आणि म्हणायचे, "नफा खायाचा न्हाई, त्यातनं अजून वाढवायचं." चारशे झाल्या की सहाशे कधी, सहाशे झाल्या की हजार कधी. सुगराबीच्या घरावरचे पत्रे तीन पावसाळे गळत होते आणि तिचा नवरा दुनियेला न गळणाऱ्या झडपा पुरवत होता. मी एकदा हंबीररावांना तसं बोलूनही दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "वहिनीसाहेब, रोप हाय तवर फळ तोडू नये."

तिकडे कवठ्याला माझ्या वडिलांच्या दारात दर तिमाहीला जीप जायची. आमचं माहेर कोरडवाहू. बहात्तरच्या दुष्काळात माझे वडील खडी फोडायच्या कामावर मुकादम होते, उन्हात उभं राहून पाय सुजायचे. त्या माणसाला आता जीप न्यायला यायची, सांगलीत खुर्ची मिळायची, बैठकीचे पन्नास रुपये पाकिटात घालून मिळायचे. हंबीररावांनी त्यांना एक काळा कोट शिवून दिला. गावातली माणसं 'अध्यक्ष' म्हणायला लागली. म्हातारपणी असं मिळालं तर कोणाला नको वाटेल? मी त्यांच्या जागी असते तर कदाचित मीही बसले असते. पण मी त्यांच्या जागी नव्हते, माझ्या जागी होते.

सत्त्याहत्तर सालच्या माघात पोस्टमन दारात आला. "शालूबाई कृष्णात बर्गे. रजिस्टर हाय, सही करा." माझ्या नावाने आलेलं ते पहिलं रजिस्टर. कंपनीच्या सभेची नोटीस. कृष्णातला आणि इलाहीभावजींनाही तशीच आली होती. मी चुलीपुढे बसून दोनदा वाचली. भाषा अवघड होती, पण मतलब कळला.

कंपनीला वाढीसाठी पैसा हवा म्हणून आणखी शंभर हिस्से काढायचे. ते सगळे हंबीररावांना द्यायचे. भाव तोच, जुना, पाचशे. आणि कारखाना सांगलीला न्यायचा. खाली अध्यक्ष म्हणून माझ्या वडिलांची वळणदार सही.

त्या वेळी कोल्हापूरचा एक व्यापारी आमचा एक हिस्सा दोन हजाराला मागत होता. तो हंबीरराव पाचशेला घेणार होते, तेही शंभर. मग दोनशेपैकी एकशे एकोणपन्नास त्यांचे. आमचं एक्कावन्न एक्कावन्नच राहणार, पण दोनशेतलं. त्यांना आमच्या घरातून काही उचलून न्यायचं नव्हतं. नुसतं घर दुप्पट मोठं करायचं होतं, वाढवलेलं सगळं त्यांचं.

कृष्णात दुपारी जेवायला आला. मी भाकरी वाढायच्या आधी पत्र वाढलं.

"वाचलंय मी," तो म्हणाला.

"मग? आपुन तिगं न्हाई म्हनलो की संपलं. एक्कावन्न हाईत."

तो भाकरीचे तुकडे करत राहिला. "मामांची सही हाय त्याच्यावर."

"आबांना त्यातलं काय कळतंय? त्यांच्याम्होरं कागद ठेवला, त्यांनी सही केली."

"म्हनूनच तर. मामांनी मांडलेल्या ठरावावर मी मामांच्याच म्होरं हात वर करू? सगळ्यांदेखत? माझ्यानं हुनार न्हाई, शालू. काय बोलायचं ते बोल."

मी बोलले. जे जे तोंडात आलं ते बोलले. इलाहीभावजींनी अकरा फर्मे मोडले ते कशासाठी, चौदा घरं कोणाच्या भरवशावर आहेत, फौजेत काय नुसत्या गाड्याच पुसल्या का. तो ऐकून घेत होता. भांडणारा नवरा परवडला. ऐकून घेणाऱ्याचं काय करायचं?

मग मी पत्राची मागची बाजू पाहिली. तिथे एक कोरा नमुना छापला होता. 'मी सभेस येऊ शकत नसल्याने माझ्या वतीने अमुक अमुक यांनी मत द्यावे.' सभेच्या दोन दिवस आधी कचेरीत पोचला पाहिजे, असं खाली बारीक अक्षरात होतं.

"तुमचा हात उचलत न्हाई न्हवं?" मी म्हटलं. "मग ऱ्हाऊ दे. तुमी घरी बसा. ह्याच्यावर सही करा. तुमचं पंधरा आनि माझं धा, हात माझा एकटीचा."

त्याने कागद उलटसुलट करून वाचला. "आनि तुझं काय? तुझा तर बाप हाय."

"माझं मी बघंन."

त्याने सही केली. इलाहीभावजी चार दिवस आधी सांगलीला जाऊन तो कागद कचेरीत देऊन आले, पोच घेऊन. पोचेवर शिक्का होता. मी तो शिक्का सभेपर्यंत उशाला ठेवला.

सभेच्या दिवशी सकाळी मी निघाले, तर कृष्णात कपडे करून तयार.

"तू येऊ नगंस, गड्या," इलाहीभावजी म्हणाले. "मी हाय वहिनींच्या संगं."

"तसं कसं? बाईमानसाला परक्या संगं एकटी धाडली म्हनत्याल. मी ठेसनावर बसतो. वर येत न्हाई."

परक्या, म्हणाला. इलाहीभावजींनी ते गिळलं. मी तिथेच दार लावून घ्यायला हवं होतं. पण लोक काय म्हणतील हे माझ्याही मनात आलंच होतं, आणि मी त्याची भाकरी माझ्या भाकरीबरोबर बांधली. यात माझा वाटा एवढा. तो मी नाकारत नाही.

कोरेगावला पॅसेंजर धरली, सांगलीला उतरलो. कृष्णात स्टेशनावर बसला नाही. कचेरीचं दार दाखवून जातो म्हणाला, आणि दार दाखवून झाल्यावर समोरच्या लिंबाखाली टेकला. मी जिन्यावरून वळून हाताने जा म्हणून खूण केली. त्याने मान हलवली आणि तिथेच बसला.

वर लांब टेबल होतं, सात-आठ खुर्च्या होत्या. माझे वडील मधोमध, फेटा आणि तो काळा कोट घालून. त्यांच्या शेजारी हंबीरराव. कोपऱ्यात कंपनीचे कारकून दादासो, पुढ्यात जाड वही. मला बघून वडील गोंधळले.

"तू कशाला आलीस गं?"

"माझं हिस्सं हाईत, आबा."

"ते हाईत. पर तू कशाला?"

मी खुर्चीत बसले. बापासमोर खुर्चीत मी आयुष्यात पहिल्यांदा बसले. पाय जमिनीला टेकत होते तरी अधांतरी वाटत होते.

दादासोंनी हजेरी घेतली. हंबीरराव हजर. इलाही हजर. शालूबाई हजर. "कृष्णात बर्गे गैरहजर. त्यांच्या वतीनं शालूबाईंनी मत द्यावं असं पत्र हाय." हंबीररावांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. तासभर रुमालाकडे बघत बसले होते तसेच बघत होते. मग उठून गॅलरीत गेले, खाली डोकावले आणि परत येऊन माझ्या वडिलांना अगदी आपुलकीने म्हणाले:

"नानासो, आवं तुमचा भाचा खाली झाडाखाली बसलाय. जावई मानूस. आपल्या दाराशी येऊन वाटसरूगत बाहेर बसला, बरं दिसतं का ते? निदान चहाला तरी बोलवा."

माझे वडील खरंच कळवळले. त्यांना यातलं काहीही कळलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. "अरारा," म्हणाले आणि काठी घेऊन स्वतः जिना उतरायला लागले. इलाहीभावजींच्या लक्षात आलं आणि ते अर्धवट उठले. मी गॅलरीत धावले.

खाली वडील रस्ता ओलांडून गेले. कृष्णात उभा राहिला. मी वरून दोन्ही हातांनी नको नको करत होते. त्याने वर पाहिलंच नाही. मामा समोर असताना तो दुसरीकडे कसा बघेल? तो वाकला, मामाच्या पायाला हात लावला. मामाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघं जिना चढून आले. दाराबाहेर चार हातांवर त्याने चपला काढल्या. खुर्चीच्या कडेवर बसला. त्याच्यासमोर चहा आला.

"कृष्णात बर्गे, हजर," दादासोंनी लिहिलं. मग पान उलटून वाचलं, "सभासद सोता सभेला हजर झाला की त्यानं दिल्यालं पत्र रद्द समजावं."

"कुठं लिवलंय?" इलाहीभावजींनी विचारलं.

दादासोंनी कंपनीच्या नियमांचं पुस्तक फिरवून पुढे केलं. सतरावं कलम. लिहिलेलं होतं. सगळं आधीपासून लिहिलेलं होतं, आमच्या सह्यांसकट. आम्ही कंपनी काढताना अध्यक्ष कोण यावर साखर वाटली, पुस्तक कोणी वाचलं नाही.

ठराव वाचला गेला. "बाजूनं कोन?" हंबीररावांनी हात वर केला. एकोणपन्नास. "विरोधात?" इलाहीभावजींनी केला. तो हात भाजलेल्या डागांनी भरलेला. मी केला. वडील माझ्या हाताकडे बघत राहिले.

सव्वीस आणि दहा छत्तीस. कृष्णातने बशीत चहा ओतला होता आणि तो पीत नव्हता. बशी दोन्ही हातांत धरून बसला होता.

"कृष्णा," माझे वडील म्हणाले, "तुला वाटंल ते कर, बाबा. कुनाची जबरदस्ती न्हाई."

ते मनापासून म्हणाले. पण मामाने एवढ्या मायेने विचारल्यावर भाच्याला काय वाटणार होतं? त्यांनी दरडावलं असतं तर त्याचा फौजी बाणा जागा झाला असता एखादे वेळी. मी वाट पाहिली. माझा हात वर होता आणि दुखायला लागला होता. मग मी बोलले.

"कृष्णात," मी म्हटलं. "हात वर करा."

बाईने नवऱ्याचं नाव घेतलं, तेही बापासमोर. वडील अर्धे उठले आणि म्हणाले, "शालू, लाज धर." कृष्णातने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. बशीतला थोडा चहा धोतरावर सांडला. हात वर आला नाही.

"बाजूनं एकोनपन्नास," दादासो लिहिता लिहिता म्हणाले. "विरोधात छत्तीस. तटस्थ पंधरा. ठराव मंजूर."

परतीच्या गाडीत तिघं एकाच बाकावर बसलो. मी भाकरी सोडली नाही. इलाहीभावजींनीच गाठोडं सोडलं, एक भाकरी मोडली आणि अर्धी कृष्णातच्या हातात दिली. "खा गड्या," म्हणाले. मला त्यांचाही राग आला. असलं मोठं मन घेऊन माणसं बुडतात आणि वर बुडवणाऱ्याला जेवू घालतात.

चैत्रात ट्रक आला आणि फर्मे घेऊन गेला. बारावा फर्मा इलाहीभावजींनी स्वतः गोणपाटात गुंडाळून दिला, कोपरा झिजू नये म्हणून. सांगलीत त्यांना सहा महिने सल्लागार म्हणून ठेवलं. मग नवा इंजिनियर आला. झडप कंपनीची, म्हणून ते दुसरीकडे तसली झडप ओतू शकत नाहीत, असंही पुस्तकात होतं. आता ते सभेलाही येत नाहीत, कोरेगावात पुन्हा बैलगाडीच्या बुशा ओततात, आणि बैलगाड्यांना तर रबरी चाकं यायला लागली आहेत.

कृष्णात सांगलीच्या कारखान्यात मॅनेजर आहे. शनिवारी येतो, पिशवीतून भाजी आणतो, माझ्याशी बोलतो. मी जेवायला वाढते. हंबीरराव सांगतात, महिन्याला दोन हजार झडपा जातात आणि माझे दहा हिस्से आता कितीतरी पटींनी वाढले आहेत. म्हणजे मी श्रीमंत झाले. ते सांगतात तेव्हा खरंच आनंदात असतात. आम्ही त्यांचे दहातले एक निघालो.

हिस्से विक, असं सगळे सांगतात. मी विकत नाही. दरवर्षी सभेची रजिस्टर नोटीस येते, पोस्टमन सही घेतो, आणि त्या दिवशी मी एकटी पॅसेंजरने सांगलीला जाते. बरोबर कोणी लागत नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणून थकले. मी खुर्चीत बसते आणि जो ठराव येईल त्याच्या विरोधात हात वर करते. हिशोब मंजूर करायचा, विरोधात. नवी जागा घ्यायची, विरोधात. पहिल्या वर्षी दादासोंनी विचारलं, "कारन काय लिवू, बाई?" मी म्हटलं, "कारन लिवायला तुमच्या वहीत जागा न्हाई. नुसतं धा लिवा."

यंदाच्या सभेत शेवटचा ठराव होता, नानासोंना आणखी तीन वर्षं अध्यक्ष नेमण्याचा. हंबीररावांनी हात वर केला. आणि त्यांच्या शेजारी कृष्णातने. सरळ, खांद्याच्या वर, फौजेत हजेरीला करतात तसा. त्या हाताला काही झालेलं नव्हतं. तो उचलत होता.

"विरोधात?" दादासोंनी सवयीने विचारलं.

मी माझा वर केला. वडील खूप थकलेत. कोट त्यांना आता ढगळ होतो. ते माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "शालू, दोन वर्सं झाली, घराकडं आली न्हाईस. आई वाट बघती गं तुझी."

"येते, आबा," मी म्हटलं. "आधी त्यांना लिवून घेऊ द्या."

दादासोंनी लिहिलं. विरोधात दहा.